घडांवरची भुरी आणि माझा गंधक

त्या दिवशी सासूबाईंनी माझी बाजू घेतली, हे आधी लिहिते. माझी चौथीतूनच शाळा सुटलेली, पुढची हकिगत नीट मांडता येते की नाही ही धास्ती आहेच. पण एवढं तरी पहिल्यांदा कागदावर पडू दे.

माझं माहेर नाशिककडचं, द्राक्षांचं. लग्न होऊन आले ती वाशीमकडे किन्हीराजाला, भाजीच्या मळ्यात. विहिरीजवळ वाशीमच्या वैद्यबुवांनी द्राक्षवेली लावून घेतल्या होत्या. त्या द्राक्षांच्या रसात गूळ नि रस आंबवायला धायटीची फुलं घालून ते महिनाभर रांजणात द्राक्षासव मुरवत. आमची बरीचशी मदार त्या वेलींवर.

त्या साली माघात घडांवर भुरी आली, पिठासारखी पांढरी. वडील काय करत ते मी पाहिलं होतं. खरजेसाठी आणलेला गंधक फडक्यात बांधून मी सकाळी वेलींवर झटकला. भुरी थांबली. सगळ्यांनी कौतुक केलं, तसा मला चेव आला. तोडणीच्या चार दिवस आधीही एकदा झटकला.

तिथेच चुकले. माहेरची द्राक्षं लोक धुऊन खातात. बुवा आसवाची द्राक्षं कधी धूत नसत.

पहिल्या दोन टोपल्या बुवांकडे गेल्या आणि आठवड्याने बुवा स्वतःच बैलांच्या दमणीतून आले. घडांवरचा गंधक रसात उतरून रांजणाला सडक्या अंड्याचा वास सुटला होता. मी खरं ते सांगून टाकलं.

सासरे भडकले. "हिले माहेरी पोचवून द्या. बुवानं वेली काढल्या तं खाऊ काय?"

घरच्या आठवणीने मी रोज रडायचे. पण असं परत जायचं?

सासूबाई वांग्याच्या वाफ्यातून तरातरा आल्या. "काहून? भुरी आली तवा तुमी काय करून राह्यले होते? बिड्या ओढत होते! पोरीनं वेल वाचवली. आता रस कसा वाचवाचा थे बुवाले इचारा."

बुवा हसले. "म्हातारे, तू वकील व्हायची होतीस."

"होईन. आधी सांगा, उरलेले घड धुतले तं जमते का?"

बुवांनी वेलीवरचा एक घड उलटापालटा करून पाहिला. मध ओतून वास झाकता आला असता. "आजारी माणसाला देतो मी," ते म्हणाले, "झाकून नाही देणार." पहिला रांजण त्यांनी ओतून टाकायचं ठरवलं. उरलेले घड तीन पाण्यांनी धुवायचे, भुरीने तडकलेला मणी एकही नको, फुलं जास्त घालायची, आणि दोनाऐवजी एकच रांजण लावायचा. "निवड सूनबाई करेल."

"मले जवळचं दिसत नाई," सासूबाई म्हणाल्या, "तू पाय, मी धुतो." दोन दिवस आम्ही तेच केलं.

महिन्याने बुवांनी वाटीभर आसव पाठवलं. रंग दरसालापेक्षा फिका, पण वास स्वच्छ. निरोप होता: वेली राहू द्या, मणी गोडीला लागले की गंधक बंद. सासूबाईंनी चाखून तोंड वाकडं केलं. "यासाठी एवढं भांडलो व मी?"

त्यांनी आगगाडी जऊळक्याच्या स्टेशनावर लांबूनच पाहिली आहे. एक दिवस मी त्यांना तिच्यात बसवून नाशिकला नेईन, आणि आईला सांगेन, माझ्याआधी ह्यांना वाढ.