कुंकू लावलेलं बटण

बाळांनो, परवा कपाट आवरताना पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल टोकांची जुनी वायर हाती आली, आणि मला तुमच्या पणजीची एक दुपार आठवली. माझे सासरे जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं चालतंबोलतं चित्र एकाच कॅसेटवर होतं आणि सासूबाईंना ते मनात येईल तेव्हा बघता यावं, असं मला वाटे. ती कॅसेट घरातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात घालून, त्याच्या कडेचं रबरी झाकण उघडून मी ही वायर टीव्हीला जोडली, रंगाला रंग लावून. बटणं सगळी सारखीच काळी, म्हणून चालू करायच्या बटणावर देवघरातल्या ओल्या कुंकवाचा ठिपका दिला. "हे दाबायचं," मी म्हटलं. त्यांचं बोट तिथवर आलं आणि थांबलं. नवरा गेल्यापासून त्यांनी कुंकवाला हात लावला नव्हता, आणि मला ते सुचलंच नव्हतं. मी पदराने पुसायला धावले. "ऱ्हाऊ दे गं, त्यांच्याच नावाचं हाय," म्हणत त्यांनी बटण दाबलं. आधी नुसता वाऱ्याचा आवाज आला, मग पिवळसर उन्हातून सासरे गाईला हाका मारत, तरंगत यावेत तसे आले. "टोपी वाकडीच! किती येळा सांगायचं ह्यांला," सासूबाई हसल्या. नंतर मी चहा दिला, तो त्यांनी डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताचं लाल बोट पदरात जपलं होतं. कॅमेरा आता चालत नाही. मी घरातली प्रत्येक वस्तू पुसते, ते बटण मात्र पुसत नाही.