श्रीधरकाकांचं जर्मन गाव

श्रीधरकाका गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. काकांचं गाव माझ्या लॅपटॉपवर अर्धवट राहिलं होतं…

गाव म्हणजे स्टुटगार्टजवळचं एक उपनगर. इथे अमेरिकेत, ट्रॉयला येण्याआधी काका अकरा वर्षं तिथे होते, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथली नगरपालिका गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढतेय, त्यासाठी जुन्या रहिवाशांकडून मजकूर मागवला होता. रविवारी दुपारी काका मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचे. "तू मध्ये बोलत नाहीस, हे बरंय," म्हणायचे. डोळे मिटून ते त्या गावातून चालत जायचे. आधी नुसत्या सफरचंदाच्या बागा आणि एक चर्च. मग स्टेशन, कारखाना. युद्धानंतर पूर्वेकडून आलेली निर्वासित कुटुंबं, त्यांच्यासाठी बागा तोडून उभ्या केलेल्या इमारती. मग इटालियन आणि तुर्की कामगार. शेजारची दोन खेडी सामावून घेत वाढलेली हद्द… ऐकून घरी निघाले की ट्रॉयच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या कडेला मला सफरचंदाचा मोहोर दिसायचा.

शेवटी काका म्हणाले, "लिही, पुढे काही परदेशी इंजिनिअर आले."

"म्हणजे तुम्हीच ना, काका?"

"आम्ही काय, भाडेकरू. गावाच्या इतिहासात भाडेकरू कशाला?"

निर्वासितही भाड्यानेच राहत होते की, असं मनात आलं. पण काकांनी सांगितलं तसंच टाइप केलं. उरलेलं पुढच्या रविवारी करू, काका म्हणाले. त्याआधीच ते गेले.

गेल्या आठवड्यात नगरपालिकेची ईमेल आली: मजकूर शुक्रवारपर्यंत हवा. मी काकूंकडे गेले आणि 'काही परदेशी इंजिनिअर आले' हे वाक्य वाचून दाखवलं. आधी त्या हसल्या, मग चिडल्या.

"काही म्हणे! अगं, आम्ही राहायचो त्या इमारतीत जिना झाडायची पाळी असायची. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. आमच्या दारावरही लागायचीच की! अकरा वर्षं झाडलाय ह्यांनी. खालची म्हातारी कठड्यावरून बोट फिरवून धूळ बघायची, आणि हे वर उभे… परीक्षेला बसल्यासारखे."

"मग हे घालू? काका नको म्हणाले होते…"

काकूंनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "घाल."

मी ते वाक्य खोडलं. लिहिलं, की तिसऱ्या मजल्यावर श्रीधर नावाचे इंजिनिअर राहत आणि पाळी आली की जिना झाडत.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. "हे एकटेच राहत होते काय? राहत होतो. दोघं. ह्यांना ताप असला की मी झाडायचे. माझंही नाव घाल."

घातलं. आणि पाठवून दिलं.