उडी उजव्या अंगठ्यात असते

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर अकोल्याच्या मोठ्या मायचे. मोठी माय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. तिथून अमरावती जवळ, अकोला लांब. पण अमरावतीला विद्यापीठ होतं आणि अकोल्याला मोठी माय होती, म्हणून मी अकोल्याला शिकलो. ती सरकारी दवाखान्यात परिचर होती. तिच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली वह्या ठेवून, मी बी.ए. झालो. आमच्या घरातली ती पहिली पदवी. आज मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, ते तिच्या भाकरीवर. सत्काराच्या प्रत्येक भाषणात मी हे सांगतो. ती म्हणते, "भाषनात भाकरी नको सांगू बापू. लोकायले भूक लागते अन् ते उठून जातात."

गेल्या उन्हाळ्यात तिला अर्धांगवायूचा हलका झटका आला. जीभ वाचली, पाय वाचला. जिभेला काही होणार नाही याची आम्हाला खात्री होतीच. उजवा हात मात्र मागे राहिला, आणि हातातही अंगठा. तो हलायचा, पण सांगितल्यावर थोड्या वेळाने, सरकारी कामासारखा.

दवाखान्यातून आल्यावर पेन्शन काढायला मी तिला बँकेत घेऊन गेलो. स्लिपवर सही करताना पेन घसरलं. काउंटरवरच्या कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला. माणूस चांगला होता. म्हणाला, "आजी, त्रास करून घेऊ नका. अंगठा लावा, चालतो."

मोठ्या मायने पॅडकडे पाहिलं. तिने स्लिप उचलली, पर्समध्ये घातली आणि दाराकडे निघाली.

तिचं लग्न झालं तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला पगाराच्या रजिस्टरवर ती अंगठा लावायची, आणि शेजारी एक साहेब तिच्या नावापुढे कंसात 'निरक्षर' असं लिहायचा, दर महिन्याला, न चुकता. मग वस्तीतल्या बुद्धविहारात प्रौढांचा वर्ग सुरू झाला. ती तिथे सही शिकली, मग वाचायला शिकली, आणि त्या रजिस्टरवर आधी तो कंस वाचला. पुढच्या पगाराला सही केली आणि साहेबाला म्हणाली, "आता तो कंस खोडा."

रिक्षात बसल्यावर मी तिची समजूत काढली. म्हटलं, आता सगळा देशच अंगठा लावतो. आधारला अंगठा, रेशनला अंगठा, कलेक्टरसुद्धा हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवतो.

"कलेक्टर सही करून मंग अंगठा ठेवते," ती म्हणाली. "मी सहीच्या जाग्यावर ठेवू काय? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्या लागते ना? तो मी सहीनंच देईन. नाई त मी मेली असं लिहून टाक म्हना."

पैसे खात्यात पडून राहिले तरी चाललं असतं, पण दाखला दिला नाही तर पेन्शनच बंद होते. ती जे बोलते ते करते, हे मला माहीत होतं. म्हणजे नोव्हेंबरच्या आत तो अंगठा पेन धरायला तयार व्हायला हवा होता.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी रबराचा चेंडू दिला होता. तो दाबत बसायचं. पण शेजारीण डोकावली की मोठी माय चेंडू पदराखाली लपवायची. "आयुष्यभर दवाखान्यात बिमार लोकायचे हात धरले मी," ती म्हणायची, "अन् आता लेकरावानी चेंडू दाबून राहिली."

अमरावतीला इतवारा बाजारातल्या एका दुकानात मला टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम दिसला. त्याच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याने माणूस चालवायचा आणि उजव्या अंगठ्याने उडी मारायची. थोडं दाबलं की लहान उडी, धरून ठेवलं की मोठी. मी मॅडमना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खेळू द्या. मध्ये विश्रांती द्या, आणि चेंडू बंद करू नका."

गेमबरोबर एक कॅसेट होती. तिच्यावर नव्वद लाखांहून जास्त खेळ असल्याचं छापलं होतं. मी छापील मजकुरावर विश्वास ठेवून मोठा झालेला माणूस आहे. दुकानदाराला विचारलं, त्यातला सगळ्यात जुना आणि नावाजलेला कोणता? त्याने एक मालिका दाखवली. पिवळा सदरा घातलेला एक बुटका माणूस उजवीकडे धावतो, खड्डे ओलांडतो, गोगलगायींवर उड्या मारतो आणि शेवटी एका किल्ल्यात शिरतो. भाग एक, भाग दोन, असे किती तरी भाग यादीत होते.

"कुठूनबी लावा सर," दुकानदार म्हणाला.

मला ते पटलं नाही. पहिला भाग झाल्याशिवाय दुसऱ्याला प्रवेश कसा मिळेल? आमच्याकडे मुलं मूळ पुस्तक न वाचता थेट गाईड वाचतात, त्याचे परिणाम मी पेपर तपासताना पाहतो. मी ठरवलं की मालिका क्रमानेच खेळायची.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की बडनेऱ्याहून गाडी धरायची, अकोल्याला उतरायचं आणि तिची संध्याकाळची बुद्धवंदना आटोपली की टीव्ही लावायचा, असा परिपाठ सुरू झाला. पहिल्या शनिवारी मी मोठ्या मायला मालिकेची प्रस्तावना सांगितली. नायक, त्याचं ध्येय, वाटेतले अडथळे. ध्येय कोणतं ते मलाही माहीत नव्हतं, कारण माहितीपत्रक चिनी भाषेत होतं.

"हा पयते कुठं?" तिने विचारलं.

"शोधात निघालाय."

"थैली नाई, पानी नाई. ड्यूटीले उशीर झाला असन त्याले," ती म्हणाली आणि रिमोट हातात घेतला.

तिचा डावा हात तरबेज होता. बुटका वाऱ्यासारखा धावला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा धावला, पुन्हा पडला. डावा अंगठा त्याला खड्ड्याच्या काठावर नेऊन पोचवत होता आणि उजवा त्याला निरोप मिळाल्यावर उडी मारत होता, तोवर बुटका तळाशी गेलेला असायचा. मी म्हटलं, काठाच्या आधीच दाब. ती म्हणाली, "मी त आधीच दाबून राहिली. त्याले उशिरा ऐकू येते."

खेळ संपला की सहीचा सराव. त्यासाठी मी कॉलेजातून कोऱ्या पुरवण्या आणत असे. आमचे विद्यार्थी पुरवणी मागून घेतात आणि तिच्यावर काही लिहीत नाहीत, त्यामुळे तुटवडा नव्हता. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे. पेन तिथपर्यंत यायचं आणि थांबायचं.

पहिला भाग पूर्ण झाला असं मी जाहीर केलं तेव्हा आम्ही किल्ला पाहिला नव्हता. पण पोर्शन इथवरच होता, असं म्हणून मी पुढे गेलो. माझी पदवीसुद्धा अशाच रीतीने पूर्ण झालेली आहे.

दुसऱ्या भागात आकाश गुलाबी होतं. मी तिला समजावलं की इथे निर्मात्याची दृष्टी अधिक प्रगल्भ झाली आहे.

"रंग उडाला दिसते," ती म्हणाली.

तिसरा भाग एकदम मधूनच सुरू झाला. मी म्हटलं, ही आधुनिक निवेदनपद्धती. चौथ्यात बुटका जरासं दाबलं तरी ढगापर्यंत उडायचा. मला आनंद झाला, कारण तिला हे सोपं जाईल. तिने रिमोट खाली ठेवला. "हे कॉपी करून पास होनं झालं. दुसरा लाव."

पाचव्या भागात आकाश पुन्हा निळं झालं. बुटका धावला. दुसऱ्या खड्ड्याच्या पलीकडे एक गोगलगाय डावीकडून आली, थांबली, वळली. तिने रिमोट मांडीवर ठेवला.

"बापू, हा त पयलाच हाय."

"हो," मी म्हणालो.

"अन् आधीचे?"

"तेही."

नव्वद लाख खेळांची कॅसेट होती, त्यात मोजके खेळ होते आणि बाकी सगळे त्यांचेच रंग बदललेले अवतार. गुलाबी आकाशावर मी एक निबंध लिहायच्या बेतात होतो, हे मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "याला उजळणी म्हणतात."

मी टीव्ही बंद करायला उठलो, पण तिने हात केला. "बस. आमच्या वर्गात काय झालं, सांगतलं का तुले?"

मग तिने सांगितलं. प्रौढांच्या वर्गाला दर वर्षी नवा साहेब यायचा. नवा साहेब म्हणजे नवी योजना, नवी फीत, नवा फोटो. फीत कापून झाली की सगळ्यांना पुस्तक वाटायचे, आणि ते दर वर्षी पहिलंच असायचं. कव्हरचा रंग तेवढा वेगळा. दुसरं पुस्तक विहारापर्यंत कधी पोचलंच नाही.

"मंग तुमी काय केलं?"

"काय कराव? पयलंच शिकलो. बायका म्हनत, हे त मांगच्या सालचंच हाय. मी म्हनलं, असू द्या व. माहं मांगच्या साली जोडाक्षर जमलं नव्हतं." तिने रिमोट पुन्हा हातात घेतला. "सहावा लाव."

त्यानंतर मी प्रस्तावना देणं बंद केलं. सहावा, सातवा, आठवा, आम्ही क्रम मोडला नाही. तोच खड्डा पुन्हा पुन्हा आला म्हणूनच मला दिसत गेलं की बुटका आता त्यात कमी वेळा पडतो. दर शनिवारी वेगळा खेळ असता, तर अंगठा सुधारला की खेळ सोपा होता, हे कोणाला कळलं असतं? दिवाळीच्या आसपास ती दुसरा खड्डा मोठ्या उडीने ओलांडू लागली. पुरवणीवर जोडाक्षरही उमटलं, वाकडं, पण दोन्ही अक्षरं एकमेकांना धरून.

नोव्हेंबरात मी किरकोळ रजा टाकली आणि आम्ही बँकेत गेलो. कारकून तोच होता. त्याने ओळखलं आणि पॅड काढला.

"ठेवा तो खणामंदी," मोठी माय म्हणाली.

तिने सही केली. वेळ लागला. मागे रांगेतला एक जण म्हणाला, "आजी पोथी लिहून राहिल्या काय?" ती मान न वळवता म्हणाली, "तुले घाई असन त तू मर आधी. तुले दाखला द्या नाई लागनार." रांग हसली.

कारकुनाने संगणकावर जुनी सही उघडली. ती तिने नोकरीत असताना, सही नवी नवी शिकली होती तेव्हा केलेली होती. दोन्ही सह्या त्याने बराच वेळ पाहिल्या.

"जुळत नाही," तो म्हणाला.

मी पुढे झालो. सही हे व्यक्तिमत्त्वाचं प्रकटीकरण असून ते कालानुरूप बदलत जातं, असं मी शुद्ध मराठीत सांगितलं. त्याने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "मी यांचा भाचा. पदवीधर आहे." माझ्या पदवीसाठी त्याच्याकडे कुठला रकाना नव्हता. त्याने आम्हाला आत मॅनेजर बाईंकडे पाठवलं.

मॅनेजर बाईंनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. "दोन्ही वाकड्या आहेत," त्या म्हणाल्या, "पण वेगवेगळ्या वाकड्या आहेत. मावशी, नियमाने अंगठा घेतला तर आत्ताच काम होतं."

"ते पयली बाई वेगळी होती," मोठी माय म्हणाली. "तिचा हात चांगला होता, तिले लिहिता येत नव्हतं. मले लिहिता येते, हात चांगला नाई. दोघी एकसारखी सही कशी करतीन?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खणातून नव्या नमुना सहीचं कार्ड काढलं. त्यावर तीन चौकोन होते. मोठ्या मायने तिन्हींत सह्या केल्या. मी खुर्चीच्या मागे उभा राहून तिचा अंगठा पाहत होतो, आणि जोडाक्षर आलं की माझाच अंगठा हवेत दाबला जात होता. तिन्ही सह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या.

"यातली खरी कोणती धरायची?" बाईंनी विचारलं.

"तिनी माह्याच. तुमाले आवडन ते धरा."

बाई हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला. मोठी माय हयात असल्याचं बँकेने मान्य केलं.

त्या शनिवारी मी टीव्ही लावायला गेलो, तर तिने गेम डब्यात भरून, सुतळीने बांधून ठेवला होता. म्हणाली, घेऊन जा, माझं काम झालं. मी म्हटलं, अजून भाग बाकी आहेत, किल्ला पाहायचा राहिला. ती म्हणाली, "मले सही कराची होती. किल्ल्यात काय ठेवलं हाय?"

अमरावतीला परत येऊन मी तिला पत्र लिहिलं. आम्ही फोनवर वऱ्हाडीत बोलतो, पण पत्र मी पुस्तकी मराठीत लिहितो. याचसाठी शिकवलं, असं तिला वाटतं. ते पत्र असं:

प्रिय मोठी माय,

सविनय जयभीम.

मी सुखरूप पोचलो. गेम टीव्हीला जोडला आहे. तू नाही म्हणालीस, तरी उरलेले भाग मी क्रमाने खेळतो आहे. अभ्यासक्रम अर्धा सोडायची मला सवय नाही, आणि पूर्ण करायचीही नाही, त्यामुळे अडचण झाली आहे. काल पहिल्या खड्ड्यात मीच पडलो. माझे दोन्ही अंगठे चांगले आहेत, म्हणून बुटक्याला दोष देता आला नाही.

कॉलेजात यंदाही मागच्या वर्षीचाच पाठ शिकवायला आला आहे. इतकी वर्षं मी तो भराभर उरकत होतो. या आठवड्यात सावकाश शिकवला. चाचणीत मागच्या बाकावरच्या एका मुलीने पुरवणी मागितली आणि ती भरली.

चेंडू दाबणं सोडू नकोस, मॅडमनी बजावलं आहे. शेजारणीसमोर दाबायला लाज वाटत असेल, तर तिलाही एक आणून देतो.

या पत्राचं उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत. खाली सही कर, जशी येईल तशी. माझ्याकडे जुनी सही नाही, मी कशाशीही जुळवणार नाही.

तुझा,
बापू