उन्हात ठेवलेली बाटली

मंडळी, आज सकाळी रोह्याजवळ मित्राच्या, नामदेवच्या, पोल्ट्रीत गेलो. निम्म्या कोंबड्या पायांवर उभ्याच राहीनात.

"ड जीवनसत्त्वाचं औषध पाण्यात घालतोस ना?"

"रोज घालतो! बाटली पत्र्यावर उन्हातच ठेवतो. उन्हाचंच औषध हाय, ताकद वाढते."

अशा निस्सीम सूर्योपासनेनं औषध केव्हाच निकामी झालं होतं.

उद्या गाडी येणार आणि व्यापारी लंगडी कोंबडी घेत नाही. गुडघे धरून चालणाऱ्या सुगंधाला, त्याच्या मजुरणीला, नामदेव म्हणाला, "लंगड्या वेचून माना मोड गो."

तिनं एक उचलली. "व्हय दादा. मी बी लंगडतेय, माझी कोन मोडंल?"

आम्ही दोघं हसलो. तिनं मान मोडली आणि पुढची उचलली.

तुम्ही हसला असतात का?