रिटायर या शब्दाचा अर्थ

१९ नोव्हेंबर २०२४. मृत्यू : एक.

त्या दिवशी जव्हारजवळच्या साखरशेत गावच्या रोहिदास भोयेने स्वतःचा जीव घेतला. वय एकोणतीस. उमेदीची सगळी वर्षे तो मुंबईच्या एका फुटबॉल क्लबकडून बचावफळीत खेळला. गुडघा निकामी झाला, तेव्हा क्लबने हार घालून त्याला निरोप दिला. गावी येऊन तो म्हणाला, "मी रिटायर झालो."

जव्हारच्या पाड्यांवर रिटायर होतात ते शाळामास्तर आणि वनरक्षक. त्यांना पेन्शन असते. म्हणून गावाने त्याला शाल पांघरली. चुलता माघ्या हसून म्हणाला, "मजा हाय लेका तुझी, आता बसून खा!"

रोहिदास खरोखरच बसून राहिला. भातकापणीला गेला नाही, जेवण टाकू लागला, कोणाशी बोलेना. गावाला तो आराम वाटला. हा गैरसमज निष्पाप होता. क्लबला मात्र 'रिटायर' या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक होता. खेळ सुटलेल्या माणसाचे मन ढासळते हेही ठाऊक होते. तरी निरोपानंतर वर्षभरात त्यांचा एक फोन आला नाही. याला अज्ञान म्हणत नाहीत. ही बेपर्वाई आहे, आणि तिने माणूस मारला आहे.

दहाव्याला क्लबचे व्यवस्थापक पुष्पचक्र घेऊन आले. "रोहिदास आमच्या कुटुंबातला होता," ते म्हणाले.

त्याची आई सुकरी उठली. "घरातला माणूस रिटायर व्हतो का, साहेब? तुमच्यातला एक तरी त्याला बघाला आला का?"

व्यवस्थापकांनी सर्वांना दोन मिनिटे मौन पाळण्याची विनंती केली.

सुकरीला उत्तर देणे अजून बाकी आहे.