वजीर न सांगता

बाबा काकांकडून उभ्या जन्मात एकदाच हरले, तेही जाण्याच्या महिनाभर आधी. काका म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले त्यांचे जोडीदार. दोघेही खेळाडू कसले, डबा खाऊन झाला की बुद्धिबळाचा पट मांडणारे! पण तो एक डाव काकांना तोंडपाठ. परवा घरी आले आणि चहा व्हायच्या आधीच पट मांडून बसले.

"काका, पुरे की आता कौतुक!"

"कौतुक नाही गं पोरी. झोप लागत नाही मला. बघ जरा, हा डाव तो हरण्यासारखा होता का?"

एकेक चाल लावत गेलो. अर्धांगवायूच्या झटक्याने बाबांची वाचा गेली होती, उजवा हातही. त्यांना कळतं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मला तर त्या डावानेच खात्री पटली होती, की आपले बाबा आता उरले नाहीत. घोड्याच्या माऱ्यात काकांचा वजीर उघडा पडलाय, आणि हा माणूस तो मारायचा सोडून राजा एक घर बाजूला घेतो. काका भलतीकडेच प्यादं ढकलतात. बाबा राजा परत जागेवर आणतात. पोरखेळ नुसता! तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

"राजा हलवण्याआधी काही केलं का त्यांनी?"

"डावा हात थरथरत होता गं त्याचा. बोट सारखं पटावर आपटायचं. इथं, वजिरापाशी."

वजिरावर चाल केली की तोंडाने "वजीर!" म्हणायचं, ही या दोघांची जुनी रीत. न सांगता मारलाच, तर बाबा स्वतः उचलून परत ठेवायचे.

"काका, ते सांगत होते तुम्हाला. तुमचं लक्ष जाईपर्यंत राजा नुसता इकडून तिकडे करत होते."

काका ढसाढसा रडले. "म्हणजे माझा गडी शुद्धीवर होता," म्हणाले, आणि रडता रडता हसलेसुद्धा. मला मात्र भीती वाटली, खरीखुरी भीती.

तो डाव झाला त्याच आठवड्यात पुण्याहून माझ्या भावाचा फोन आला होता. मी बाबांच्या उशाशी बसून त्यांना भरवत होते, म्हणून फोन स्पीकरवर. "अजून किती दिवस हे असं चालायचं?" त्याने वैतागून विचारलं होतं. बाबा छताकडे बघत होते.

काका घरी परतल्यावर संध्याकाळी भावाचा फोन आला. दर वेळी म्हणतो तेच म्हणाला, "एक बरं झालं बघ, बाबांना शेवटी काही कळत नव्हतं."

"हो रे," मी म्हटलं.