अर्थशास्त्राच्या कव्हरातली कुऱ्हाड

मला बघायला आलेल्या मंडळींना मी एक पुस्तक वाचून दाखवलं होतं, आणि त्याचा अर्थ सांगताना धादांत खोटं बोलले होते. त्याची मला आजही लाज वाटत नाही. वाटणारही नाही.

ऐंशीच्या आसपासचा मे महिना. आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं होतं आणि बाबा आषाढाच्या आत माझं लग्न उरकायच्या मागे लागले होते. मला आधी परीक्षा द्यायची आहे, हे मी त्यांना दोनदा तोंडावर सांगितलं. पहिल्यांदा ते पेपर वाचत राहिले. दुसऱ्यांदा आईला म्हणाले, हिला चहा टाकायला सांग. बाबा दुष्ट नव्हते हो. मुलीचं बोलणं घरात भांड्यांच्या आवाजासारखं चालूच असतं, अशी त्यांची समजूत होती.

पुस्तक मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलं होतं. जाडजूड, इंग्रजी, वर लिहिलेलं, भाग पहिला. पुढचे भाग विकणाऱ्याकडे नव्हते आणि मला ते कधी मिळालेही नाहीत. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली ती गोष्ट. पहिली पन्नास पानं नुसती डोकेदुखी, नावं अशी की जीभ अडकावी. एका डोळ्याचा देव, लांडगे, लांब वल्ह्यांची जहाजं. बाहेर ऊन माणसाला भाजून काढत होतं आणि मी वाळ्याच्या पडद्याआड बसून बर्फ तुडवत होते. मग एका ठिकाणी थबकलेच. त्या देवांना आधीपासून ठाऊक असतं की शेवटची लढाई आपण हरणार. तरी ते तलवारींना धार लावतात आणि जातात. आमच्याकडे कीर्तनात देव हरलेला मी कधी ऐकला नव्हता. मला हे देव फार आवडले. हरायचंच असेल तर उभ्यानं हरू, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

गोष्टीची पुस्तकं म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, हे बाबांचं मत. म्हणून मी त्याला खाकी कव्हर घातलं होतं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्थशास्त्र, भाग पहिला’.

मंडळी आली. मुलगा अमरावतीला बँकेत, सोबत त्याची आई आणि मामा. आलूपोहे झाले, मी लंगडत तर नाही ना म्हणून चालून दाखवणं झालं, मग रीतीप्रमाणे वाचून दाखवायची पाळी आली. मराठी नको, इंग्रजी वाचू दे, मामा म्हणाले. बाबा अभिमानानं उठले आणि फळीवरचं अर्थशास्त्र त्यांनी माझ्या हातात ठेवलं. झालं की नाही कल्याण!

जे पान उघडलं ते वाचलं. जहाजाच्या दोरखंडांना डांबर कसं लावतात, एवढंच त्यात होतं. मी ते इतकं घडाघडा वाचून काढलं की कोणाला शब्दही लागू नये. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, आता अर्थ सांग.

“एक मुलगी बापाले म्हणते,” मी म्हणाले, “माझं शिकणं अर्धं आहे. ते पुरं होईपर्यंत मी कोणाच्या घरी जाणार नाही.”

काय शिकत होती ती, मामांनी विचारलं.

“कुऱ्हाड चालवणं.”

सगळे हसले. बाबांनी आधी कव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहुण्यांसमोर काय बोलणार बिचारे. मला वाटलं, जमलं बुवा, आता ही मंडळी पुन्हा फिरकत नाहीत.

कसलं काय! आठ दिवसांत होकार आला. मुलगी फाडफाड इंग्रजी वाचते, अर्थही सांगते, स्वभावानं मोकळी आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं धडधडीत सांगूनही यांना फक्त माझं वाचन ऐकू आलं! मी बाबांसमोर जाऊन म्हणाले, मी हे लग्न करणार नाही. ते म्हणाले, त्या दिवशीचं पुस्तकातलं पान उघडून दे. मी दिलं.

तीन दिवस ऑफिसातून आल्यावर बाबा अंगणात खाट टाकून, माझी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्या पानाशी झुंजत होते. त्यांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. आई मला डोळ्यांनी दटावत होती, पण मी माफी मागायला गेले नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी हाक मारली.

“काय वं, ह्या पानावर त नुसते दोर अन् डांबर आहे. पोरगी कुठं आहे त्यात?”

“नाही आहे. ते मीच बोलली होती.”

“मग मले सरळ काहून नाही सांगतलं?”

“सांगतलं होतं बाबा. दोनदा. तुम्ही आयकलं नाही. पुस्तकातलं म्हटलं तवा आयकलं.”

बाबांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता ओरडतील, आणि मीही तयारीत होते. पण ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं. स्थळ नाकारायचं तर पत्रिका जुळत नाही असं कळवायची रीत होती, त्यानं कोणाचा अपमान होत नसे आणि मुलीच्या बापाची मानही खाली जात नसे. टपालात टाकायच्या आधी त्यांनी ते मला वाचायला दिलं. पत्रिकेचं नावसुद्धा नव्हतं. बाबांनी लिहिलं होतं, ‘मुलगी नाही म्हणते.’